भाऊ सांगेल तो भाव?

नवरात्र संपून आठ-दहा दिवस झाले होते. टेंभी नाक्यावरचा मांडव उतरला होता. त्या नाक्यापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या एका जुन्या इमारतीत वाढलेली, सासर डोंबिवलीला असलेली एक बाई आमच्या सल्ला केंद्रात आली. पिशवीतून तिने एक कागद काढला. हक्कसोडपत्राचा मसुदा होता. "ताई, यात माझं नाव बरोबर लिहिलंय ना, एवढंच बघा. उद्या भावांबरोबर सही करायला जायचंय," ती म्हणाली.

नाव बरोबर होतं. पत्ता, इमारतीचं नाव, मजला, सगळं बरोबर होतं. मात्र त्या तीन पानांत एक गोष्ट कुठेच नव्हती : ती जे सोडत होती त्याची किंमत. आम्ही विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मोठा भाऊ म्हणतो घराचे सोळा लाख होतात. आई, दोन भाऊ आणि मी. चौथा वाटा चार लाख. ते तो मला देणार आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलं नव्हतं, तरी तो देतोय. बाकीच्यांच्या भावांसारखा नाही तो."

हिशेब अगदी चोख होता. सोळाचा चौथा हिस्सा चारच. कायद्यालाही धरून होता : वडिलांचं स्वकष्टाचं घर, मृत्युपत्र नाही, तर हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई आणि तीन मुलं यांना सारखे वाटे. भागाकारात चूक नव्हती. चूक त्या सोळात होती. हे सोळा लाख आले कुठून, असं आम्ही विचारलं. तिला माहीत नव्हतं. पुढे कळलं की २००९ साली मोठ्या भावाने कर्ज काढलं तेव्हा बँकेने मागितलेल्या अहवालातला तो आकडा होता. (ओळख पटू नये म्हणून या लेखातले आकडे आम्ही बदलले आहेत. टेंभी नाक्याचा भाव म्हणून ते कोणी वापरू नयेत.)

या अंकाचं संपादकीय या सोळा लाखांबद्दल आहे.

आपल्या चळवळीने कायदा शिकण्यासाठी फार कष्ट घेतले. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने मुलीला वडिलांच्या मिळकतीत वाटा दिला. १९९४ मध्ये महाराष्ट्राने दुरुस्ती करून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीत मुलीला मुलाइतका जन्मसिद्ध हक्क दिला, पण दुरुस्तीच्या आधी लग्न झालेल्यांना वगळलं. २००५ च्या केंद्रीय दुरुस्तीने तो भेद काढला. २०२० मध्ये विनीता शर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की ९ सप्टेंबर २००५ रोजी वडील हयात असोत वा नसोत, मुलीचा हक्क जन्माने आहे. आपण या सगळ्यावर शिबिरं घेतली, पत्रकं काढली. बायकांना आपण सांगितलं, तुझा चौथा वाटा आहे, तुझा तिसरा वाटा आहे. पण चौथा वाटा कशाचा? हा प्रश्न आपण अभियंत्यांवर, दलालांवर आणि भावांवर सोडून दिला. हक्क अपूर्णांकात मिळतो आणि पैसे पूर्णांकात. मधला गुणाकार ज्याच्या हातात, खरी सत्ता त्याच्या हातात असते.

हा गुणाकार अवघड नाही. भाजीच्या गाड्यावर उभी राहिलेली कोणतीही बाई तो रोज करते. कोथिंबिरीची जुडी महाग की स्वस्त, हे ती कसं ठरवते? शेजारच्या गाडीवर काय भाव आहे ते बघते, जुडी केवढी आहे ते बघते, काल काय भाव होता ते आठवते. घराचं मूल्यांकन करणारा माणूसही मुळात हेच करतो, फक्त त्याचे शब्द मोठे असतात.

पहिली गोष्ट लक्षात ठेवायची : घराला एकच किंमत नसते. ज्या कामासाठी विचाराल त्याप्रमाणे आकडा बदलतो. बँक कर्ज देताना किंमत काढते तेव्हा कर्ज बुडालं तर आपले पैसे सुटतील का, हे तिला बघायचं असतं, म्हणून ती हात राखून आकडा धरते. सरकार मुद्रांक शुल्कासाठी किंमत धरतं. महापालिका मालमत्ता कर बसवण्यासाठी वेगळं मूल्य धरते. बाजारभाव म्हणजे घाईत नसलेला, दबावाखाली नसलेला विकणारा आणि तसाच घेणारा, दोघांना सगळी माहिती असताना, ज्या रकमेला राजी होतील ती रक्कम. वाटणीच्या वेळी आपल्याला हवी असते ती ही. म्हणून कोणी आकडा सांगितला की तीन प्रश्न विचारायचे. हा आकडा कोणी काढला? कशासाठी काढला? कोणत्या तारखेला काढला? आमच्याकडे आलेल्या बाईच्या सोळा लाखांची उत्तरं अशी होती : बँकेसाठी, कर्जासाठी, २००९ साली. वाटणीसाठी त्या आकड्याचा काहीच उपयोग नव्हता.

दुसरी गोष्ट रेडी रेकनरची. सरकार दरवर्षी विभागवार जमिनीचे आणि बांधकामाचे दर जाहीर करतं. त्यांना वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते म्हणतात. सहसा ते १ एप्रिलपासून लागू होतात आणि नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. नावात बाजारमूल्य असलं तरी हे तक्ते मुद्रांक शुल्क किती घ्यायचं हे ठरवण्यासाठी केलेले असतात. एका विभागात रुंद रस्त्यावरची इमारतही येते आणि गल्लीतली अंधारी इमारतही येते. दोघींना दर एक. त्यामुळे प्रत्यक्ष भाव या दरापेक्षा खूप वर असू शकतो, आणि काही ठिकाणी खालीही असतो. "रेडी रेकनरने एवढेच होतात" हे वाक्य बहिणींना फार वेळा ऐकवलं जातं. त्याला उत्तर एकच : मग याच दराने तू दुसऱ्याला विकशील का? या दरांचा उपयोग तळ कुठे आहे हे कळायला करावा, छत म्हणून मान्य करू नये. आमच्या उदाहरणात हा आकडा पस्तीस लाखांच्या आसपास आला. म्हणजे भावाने सरकारी दरसुद्धा धरला नव्हता.

तिसरी गोष्ट, मोजमाप. घर किती मोठं, या प्रश्नालाही एक उत्तर नसतं. भिंतींच्या आत चटई अंथरता येईल ते कार्पेट क्षेत्र. त्यात भिंती धरल्या की बिल्ट-अप. जिना, लिफ्ट, गच्ची यांचा वाटा धरला की सुपर बिल्ट-अप. २०१६ च्या रेरा कायद्याने कार्पेटची व्याख्या पक्की केली : आतल्या भिंती धरायच्या, बाहेरच्या भिंती, बाल्कनी आणि स्वतंत्र गच्ची धरायची नाही. पण जुन्या करारांत बिल्ट-अप लिहिलेलं असतं, आणि गोंधळ इथेच होतो. समजा शेजारचं घर ४८० चौरस फूट बिल्ट-अप आहे, कार्पेट ४०० आहे, आणि ते ४६ लाखांना गेलं. बिल्ट-अपने दर येतो साधारण ९,६०० रुपये, कार्पेटने ११,५००. आता कोणी बिल्ट-अपचा ९,६०० हा दर घेऊन तुमच्या कार्पेट ४०० ला गुणलं, तर ४६ लाखांचं घर ३८ लाखांचं होतं. कोणी काही चोरलं नाही, फक्त दर एका मापाचा आणि क्षेत्र दुसऱ्या मापाचं धरलं. सरकारी कागदांत चौरस मीटर असतात. एक चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट. मोजणीची टेप स्वतः घेऊन जा. ज्या घरात आपण वीस वर्षं केर काढला त्याच्या खोल्या मोजायला परवानगी कशाला लागते?

आता किंमत काढायच्या पद्धती. मुख्य पद्धती तीन आहेत.

पहिली तुलनेची. तुमच्यासारखं घर, तुमच्याच भागात, अलीकडे केवढ्याला गेलं? याचं उत्तर दलालाच्या तोंडी भावात नसतं आणि जाहिरातीतही नसतं, कारण ते मागितलेले भाव असतात, मिळालेले नव्हेत. नोंदणी झालेल्या प्रत्येक खरेदीखताची सूची क्रमांक २, म्हणजे आपण ज्याला इंडेक्स-टू म्हणतो, ती नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चमध्ये बघता येते. त्यात मिळकतीचं वर्णन, क्षेत्र, तारीख, मोबदला आणि सरकारने धरलेलं बाजारमूल्य, दोन्ही आकडे शेजारी शेजारी असतात. आम्ही त्या बाईबरोबर बसून चार व्यवहार काढले. नव्या टॉवरमधला एक, लिफ्ट आणि पार्किंगसह, कार्पेटवर १८,००० रुपये फूट. तो बाजूला ठेवला, कारण आपलं घर तसं नाही. तिच्याच इमारतीतला एक, ७,००० रुपये. तो काकाने पुतण्याला दिलेला होता, म्हणून तोही बाजूला, कारण घरातल्या घरातला व्यवहार हा बाजारभाव नव्हे. उरले दोन, दोन्ही जवळच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतींतले : तिसऱ्या मजल्याचं घर ११,५०० आणि पहिल्या मजल्याचं १२,२००. तिचं घर दुसऱ्या मजल्यावर. ११,८०० धरले, चारशे फुटांना ४७ लाख झाले. मजला, लिफ्ट, पाणी, रस्त्याची रुंदी, इमारतीचं वय, व्यवहाराची तारीख यांप्रमाणे थोडं वर-खाली करायचं असतं, आणि तेच तज्ज्ञाचं कौशल्य. एक सावधगिरी : कागदावरचा मोबदला काही वेळा खऱ्यापेक्षा कमी दाखवलेला असतो. त्यामुळे एकाच व्यवहारावर विसंबू नये.

दुसरी पद्धत भाड्याची. घर भाड्याने दिलं तर वर्षाला खर्च जाऊन हातात किती उरेल, आणि तेवढं उत्पन्न मिळवायला लोक किती पैसे गुंतवतात? महिना १४,००० भाडं धरलं तर वर्षाचे १,६८,०००. कर, देखभाल, रिकामे महिने यांचे ३८,००० वजा केले तर १,३०,०००. राहत्या घरांवर वर्षाला शेकडा तीन सुटतात असं धरलं, तर किंमत साधारण ४३ लाख. तुलनेच्या आकड्याशी हा पडताळून बघायचा. दोन्ही जवळपास आले तर आपण बरोबर वाटेवर आहोत.

तिसरी पद्धत जमीन आणि बांधकाम वेगवेगळं धरण्याची. जमिनीचा भाव, अधिक आज तसंच बांधायला येणारा खर्च, वजा इमारत जुनी झाल्याची घट. बैठ्या घराला, गावठाणातल्या वाड्याला ही पद्धत लागू पडते. बायकांनी या पद्धतीतून एक गोष्ट जरूर उचलावी : इमारत जुनी होते, जमीन जुनी होत नाही. "घर पडायला आलंय, त्याचं काय येणार" हे वाक्य अर्धं खरं आहे. छपराची किंमत उतरते, पण त्याच काळात खालच्या जमिनीची चढलेली असते. स्टेशन, बाजार आणि कोर्ट चालत जाण्याच्या अंतरावर असलेल्या ठाण्याच्या या जुन्या भागात तर घराची बरीचशी किंमत जमिनीतच असते.

याच कारणाने पुनर्विकासाचा प्रश्न येतो. आमच्याकडे आलेल्या बाईला माहीत नसलेली सगळ्यात मोठी गोष्ट हीच होती. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत पुनर्विकासाचा ठराव झाला होता. विकासकाने ४०० फुटांच्या बदल्यात ५२० फूट देऊ केले होते. नव्या इमारतीच्या भावाने त्याचे साडेत्र्याण्णव लाखांच्या वर होतात. म्हणजे तिचं घर आज त्र्याण्णव लाखांचं आहे का? नाही. तीन-चार वर्षं थांबावं लागेल, काम रखडू शकतं, विकासक पळू शकतो, आणि ठाणे-डोंबिवलीत अर्धवट सांगाडे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. पण ते सत्तेचाळीसही राहिलेलं नाही. खरं मूल्य या दोहोंच्या मध्ये कुठेतरी आहे, आणि करार जसा पक्का होत जाईल तसं ते वर सरकेल. हक्कसोडपत्रावर सह्या नेमक्या करारनाम्याच्या आधी का मागितल्या जातात, हे आता लक्षात यावं. मूल्यांकनात तारीख ही केवळ औपचारिकता नसते. म्हणून सही करण्याआधी विचारायचं : सोसायटीत काही ठराव झाला आहे का? आई किंवा भाऊ सभासद असेल तर सभेचं इतिवृत्त मागता येतं. सहकार खात्याने ४ जुलै २०१९ च्या निर्णयाने पुनर्विकासाची कार्यपद्धती घालून दिली आहे, ती सगळी सभांतून आणि लेखी होते. न सांगता झालेली असते ती फक्त बहिणीला.

पागडीच्या खोल्यांचं गणित निराळं. टेंभी नाका, चरई, जांभळी नाका इथल्या अनेक बायका "आपलं काय, भाड्याची खोली" म्हणून हात झटकतात. भाडं काही रुपये असतं हे खरं, पण म्हणून खोली कवडीमोल नसते. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याने पागडी घेणं-देणं कायदेशीर केलं. भाडेकरूचा हक्क विकताना घरमालकाला साधारण तिसरा हिस्सा द्यायचा प्रघात आहे, उरलेलं भाडेकरूचं. त्याच कायद्यात भाडेकरू वारल्यावर त्याच्याबरोबर तिथे राहणाऱ्या कुटुंबीयाला भाडेकरूचा दर्जा मिळतो. विधवा सून, अविवाहित मुलगी, नवऱ्याला सोडून माहेरी येऊन आईची सेवा करणारी बहीण यांनी आपण तिथे राहत होतो याचे पुरावे जपून ठेवावेत : शिधापत्रिका, मतदार यादी, वीजबिल. भाडेपावती कोणाच्या नावावर होते, याकडे डोळा ठेवावा.

एक इशारा उलट्या दिशेनेही. वाट्यापोटी घर किंवा खोली मिळत असेल, तर आकडा बघण्याआधी कागद बघा. डोंबिवली परिसरातल्या ६५ इमारती खोट्या परवानग्या आणि त्यांवर मिळवलेल्या रेरा नोंदणीच्या आधारे उभ्या राहिल्याचं उघड झालं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या पाडण्याचे आदेश दिले. तिथे घरं घेतलेल्यांनी कर्जं काढली होती, दागिने मोडले होते. ज्या घराच्या मालकीला आणि परवानगीला आधार नाही त्याचा बाजारभाव कितीही सांगितला तरी तो हवेतला आकडा. मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, बांधकाम परवानगी, भोगवटा प्रमाणपत्र, सोसायटीच्या नावे जमीन झाली आहे की नाही, हे सगळं किमतीचाच भाग आहे.

काही मैत्रिणी विचारतील, हे सगळं हिंदू बायकांपुरतं का? नाही. मुस्लिम मुलीला तिच्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे मुलाच्या निम्मा वाटा मिळतो, ख्रिस्ती मुलीला १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे मुलाइतका. अपूर्णांक बदलतो, त्याबद्दलचा आपला लढा वेगळा आहे. पण ज्याचा वाटा करायचा तो आकडा काढायची रीत सगळ्यांना एकच. शेजारच्या गोव्यात तर यासाठी कोर्टातच एक चांगली सोय आहे. तिथल्या इन्व्हेंटरी कार्यवाहीत वारसांसमोर मिळकतींची यादी आणि मूल्य मांडलं जातं आणि वारस आपसात बोली लावू शकतात. ज्याची बोली चढी त्याला मिळकत, आणि त्याने बाकीच्यांचे वाटे त्या भावाने चुकते करायचे. भावाला घर हवं असेल तर त्याने ते किती हवं आहे हे आकड्यात सांगायचं.

आपल्याकडे ही पद्धत नाही. पण तिच्यातलं शहाणपण आपल्याला स्वयंपाकघरात बसूनही वापरता येईल. भाऊ म्हणाला, घराचे सोळा लाख होतात, तर शांतपणे म्हणायचं, "बरं दादा, मग याच भावाने तुम्हा दोघांचे वाटे मी घेते. चार-चार लाख देते." तो हसला, रागावला किंवा गप्प बसला, तर सोळा हा भाव नव्हता हे त्याने स्वतःच सांगितलं. हे वाक्य म्हणायला कोर्टही लागत नाही आणि वकीलही नाही. आणि वारसांपैकी कोणी आपला हिस्सा बाहेरच्याला विकू लागला तर हिंदू वारसा कायद्याच्या कलम २२ प्रमाणे बाकीच्या वारसांना तो आधी घेण्याचा हक्क आहे. किमतीवर एकमत झालं नाही तर किंमत कोर्ट ठरवतं.

एकमत होत नसेल तर मान्यताप्राप्त मूल्यांकनकाराकडून अहवाल घ्यावा. त्याला लेखी सांगावं की हे कौटुंबिक वाटणीसाठी आहे, अमुक तारखेचा बाजारभाव हवा आहे. तो जागेवर येऊन मोजमाप करतो का, तुलनेला घेतलेले व्यवहार अहवालात देतो का, काय गृहीत धरलं ते लिहितो का, हे बघावं. "आमच्यासाठी जरा वाढवून द्या" असं मात्र सांगू नये. फुगवलेला अहवाल कोर्टात पहिल्याच उलटतपासणीत फुटतो आणि आपली खरी बाजूही त्याबरोबर जाते. फी परवडत नसेल तर गटाने मिळून द्यावी, किंवा सगळ्या भावंडांनी मिळून एकच माणूस नेमावा. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रीला तिथे मोफत मदत मिळण्याचा हक्क आहे, तिचं उत्पन्न कितीही असो.

आता जो प्रश्न प्रत्येक शिबिरात येतो तो. "पैशासाठी माहेर तोडायचं का?" या प्रश्नाची आम्ही चेष्टा करणार नाही. नवऱ्याने घराबाहेर काढलं तर रात्री अकरा वाजता ज्या दारात जायचं ते दार भावाचं असतं. सही न करणाऱ्या बहिणीला लग्नाकार्याला बोलावलं जात नाही, हे आपण पाहिलेलं आहे. म्हणून जिने विचार करून वाटा सोडला तिला आम्ही भित्री म्हणणार नाही. भावाची नोकरी गेली आहे, त्याचं मूल आजारी आहे, म्हणून बहिणीने आपला वाटा द्यावा यात मोठेपणाच आहे. पण देणारीला आपण काय दिलं हे ठाऊक असेल तरच ते देणं. चार लाख सोडते आहे असं समजून जिने बारा-पंधरा लाख सोडले, तिच्याकडून ते काढून घेतलेलं असतं. आणि ज्या भावाला बारा लाख मिळाले तो आयुष्यभर म्हणत राहतो की मी बहिणीला चार लाख दिले. किंमत माहीत असणं म्हणजे नात्याचा बाजार मांडणं नव्हे. नात्यात कोणी किती घातलं याचा खरा जमाखर्च त्याने समोर येतो.

मूल्यांकनाला मर्यादाही आहेत. आईचं आजारपण कोणी काढलं, कॉलेज सोडून धाकट्या भावाची फी कोणी भरली, पावसाळ्यात गळणाऱ्या छताखाली पातेली कोणी लावली, यासाठी कोणत्याही अहवालात रकाना नाही. मालमत्तेची भाषा ज्यांनी घडवली त्यांच्या हातून बायकांचं काम कधी मोजलंच गेलं नाही. तो लढा आपण सोडलेला नाही. पण जे मोजलं जातं तेही आपल्याला चुकीचं मोजून दिलं जात असेल, तर निदान टेप तरी आपल्या हातात हवी.

त्या बाईचं काय झालं? दुसऱ्या दिवशी ती सही करायला गेली नाही. भावांना तिने तो प्रश्न विचारला, तुमचे वाटे मी घेते म्हणून. मोठा काही बोलला नाही. धाकटा म्हणाला, "ताईला कोणी शिकवलं हे?" आईने दोन दिवस कोणाशीच बोलणं टाकलं. मग आईच म्हणाली की माझाही चौथा वाटा आहे आणि मला कोणी विचारलंच नाही. सध्या ठरलं आहे ते असं : घर विकायचं नाही, आई तिथेच राहील, आणि पुनर्विकासाचा करार होईल तेव्हा त्यात चौघांची नावं येतील. वाटा घ्यायचा की सोडायचा हे ती तेव्हा ठरवणार आहे. हे टिकेल की नाही, आम्हाला माहीत नाही. भाऊबीजेला ती टेंभी नाक्याला गेली, ओवाळून आली. ओवाळणीत काय पडलं ते तिने सांगितलं नाही, आम्हीही विचारलं नाही.

मैत्रिणींनो, पुढच्या अंकापर्यंत प्रत्येक गटाने एक काम करावं, अशी आमची विनंती आहे. एका बैठकीत चार जणींनी आपल्या माहेरच्या आणि सासरच्या घराचा इंडेक्स-टू शोधावा. आपल्या विभागाचा रेडी रेकनरचा दर काढावा. शेजारचे तीन व्यवहार बघावेत. एका कागदावर तारीख घालून आकडा लिहावा आणि तो कपाटात, दागिन्यांच्या डबीशेजारी ठेवावा. भांडण असो वा नसो, ठेवावा. हक्कसोडपत्राचा मसुदा कोणी पुढे केला, तर "उद्या सांगते" एवढे दोन शब्द म्हणायला शिकावं. नोंदणीकृत हक्कसोडपत्र करायला मुद्रांक शुल्क काही शे रुपये लागतं आणि अर्धा तास. ते परत फिरवायचं तर फसवणूक झाली हे कोर्टात सिद्ध करावं लागतं, आणि त्यात वर्षं जातात. त्या अर्ध्या तासाच्या आधी एक दिवस मागून घेणं हा आपला हक्क आहे.

तुमच्या गटाला काय सापडलं ते आम्हाला जरूर लिहा. नावं-पत्ते नकोत, आकडे आणि अनुभव हवेत.

– संपादक मंडळ